कागद कुणाच्या हातात? रेस्टोरेशन कॉमेडीतलं लग्न आणि लबाडी

लंडनमधला हॉर्नर नावाचा एक रंगेल माणूस फ्रान्सहून परत येतो आणि ओळखीच्या वैद्याकरवी शहरभर बातमी पसरवतो, की गुप्तरोगावरचे उपचार फसले आणि आपण कायमचे नपुंसक झालो. पुरुष त्याची टिंगल करतात, बायका तोंड फिरवतात. पण लवकरच एक बडा नवरा स्वतःहून आपल्या घरच्या बायका त्याच्या सोबतीला आणून सोडतो. या माणसापासून आता कसली भीती? हॉर्नरला नेमकं हेच हवं असतं. विल्यम विचर्ली याच्या ‘द कंट्री वाइफ’ या १६७५ सालच्या नाटकाचा सगळा डोलारा या एका थापेवर उभा आहे.

वरवर वाचलं तर हा निव्वळ चावटपणा वाटतो आणि अनेक जण तिथेच पुस्तक मिटतात. मला त्याचं वाईट वाटतं. कारण या नाटकांत इतकी लबाडी का आहे, याचं उत्तर लेखकांच्या चावटपणात कमी आणि त्या काळच्या विवाहाच्या कायद्यात जास्त सापडतं. सरळ मार्गाने मनासारखं लग्न करता येत नाही, झालेलं मोडता येत नाही, आणि लग्न होताच बाईचा पैसा तिचा राहत नाही, अशा ठिकाणी माणसं सोंगं घेतात. आणि शेवटच्या अंकात बाजी कोण मारतं हे पाहत गेलं, तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. सोंग कितीही छान वठलं तरी निकाल लागतो तो कागदपत्रांवर.

आधी काळ समजून घेऊ. १६४२मध्ये इंग्लंडच्या संसदेने नाटकगृहं बंद केली. पुढे यादवी युद्ध झालं, राजाचा शिरच्छेद झाला, काही वर्षं राजाविना कारभार चालला. १६६०मध्ये दुसरा चार्ल्स परदेशातून परतून गादीवर बसला. राजसत्तेच्या या पुनःस्थापनेला रेस्टोरेशन म्हणतात आणि त्यानंतरच्या साधारण चाळीस-पन्नास वर्षांतल्या सुखात्मिकांना रेस्टोरेशन कॉमेडी. चार्ल्सने टॉमस किलिग्रू आणि विल्यम डॅव्हनंट या दोघांना नाटक कंपन्या काढायचे परवाने दिले. त्याच वर्षी इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर पहिल्यांदा स्त्रिया उभ्या राहिल्या. तोवर स्त्रियांच्या भूमिका मुलगे किंवा तरुण पुरुष करत. १६६२मध्ये तर परवान्यातच लिहिलं गेलं, की स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करायची.

या बदलाने नाटकाचा विषयच बदलला. नवरा-बायकोचं भांडण आता खरोखर एका पुरुषात आणि एका स्त्रीत रंगमंचावर होऊ लागलं, आणि लेखक विशिष्ट नटींसाठी भूमिका लिहू लागले. पण नव्या नटींना पुरुषी विजार घालून वावरायच्या भूमिकाही भरपूर दिल्या गेल्या, कारण एरवी घोळदार झग्याखाली झाकलेले पाय त्या वेशात प्रेक्षकांना दिसत. म्हणजे एकच वेश नायिकेला रस्त्यावर मोकळं फिरायची मुभा देत होता आणि नटीला पुरुषांच्या नजरेपुढे उभं करत होता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक सांगून दुसरी लपवणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

राजाचं स्वतःचं लग्न हा त्या काळातल्या लग्नाचा ठळक नमुना होता. मराठी वाचकाला तो ठाऊकही असतो. १६६१च्या तहानुसार पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ब्रगांझा चार्ल्सला दिली गेली आणि हुंड्यात मुंबई बेट आलं. सोबत उत्तर आफ्रिकेतलं टँजिअर आणि मोठी रोकडही होती. १६६८मध्ये चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊनही टाकली. कॅथरीनला मूल झालं नाही. राजाला इतर स्त्रियांपासून झालेली डझनभर मुलं मात्र दरबारात मान्यता पावली होती, आणि त्यांतली काही नेल ग्विन या नटीची होती. लग्न जमीन आणि पैशासाठी, प्रेम इतरत्र, आणि हे सगळ्यांना माहीत. नाटककार हे जग रोज डोळ्यांनी बघत होते.

आता कायदा. इंग्लंडच्या सामान्य कायद्यानुसार लग्न झालं की नवरा आणि बायको मिळून एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. बायकोची रोकड, दागिने, सामान नवऱ्याच्या मालकीचं होई. तिच्या जमिनीचं उत्पन्न लग्न टिकेपर्यंत तोच घेई. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, दावा लावता येत नसे. अविवाहित सज्ञान स्त्रीला आणि विधवेला मात्र हे सगळे हक्क होते. या नाटकांत श्रीमंत विधवांमागे एवढी रांग का लागते, आणि विधवा पुन्हा लग्न करताना एवढ्या सावध का असतात, ते यावरून कळतं.

श्रीमंत घराण्यांनी यातून एक वाट काढली होती. लग्नाआधी मुलीची मालमत्ता एखाद्या विश्वस्ताच्या नावे करून ठेवायची, म्हणजे नवऱ्याला तिला हात लावता येत नाही. सामान्य कायद्यापेक्षा वेगळ्या नियमांनी चालणारं चॅन्सरी न्यायालय अशी व्यवस्था मान्य करत असे. ही तरतूद लक्षात ठेवा, पुढे एका नाटकाचा शेवट तिच्यावरच उभा आहे.

घटस्फोट जवळजवळ अशक्य होता. चर्चच्या न्यायालयाकडून फार तर वेगळं राहायची परवानगी मिळे, पण दोघांनाही पुन्हा लग्न करता येत नसे. १६७०मध्ये लॉर्ड रूस या सरदाराला पुनर्विवाह करता यावा म्हणून संसदेने खास त्याच्यापुरता कायदा केला. राजा चार्ल्स ती चर्चा ऐकायला स्वतः लॉर्ड्सच्या सभागृहात जाऊन बसत असे, आणि ही चर्चा नाटकापेक्षा सरस आहे असं तो म्हणाल्याची नोंद आहे. उलट लग्न लागणं मात्र फार सोपं होतं. १७५३चा कायदा येईपर्यंत आईबापांच्या नकळत, चर्चबाहेर, पैसे घेणाऱ्या एखाद्या पाद्र्यापुढे गुपचूप लागलेलं लग्नही पक्कं धरलं जाई. लागायला एक क्षण आणि सुटायला जन्म अपुरा. म्हणून या नाटकांत तोतये पाद्री आणि मुखवट्याआडची लग्नं पुन्हा पुन्हा येतात. विल्यम काँग्रीव्हच्या ‘लव्ह फॉर लव्ह’मध्ये (१६९५) दोन लोभी माणसं श्रीमंत जोडीदार गाठायच्या नादात वेश पालटून चुकून एकमेकांशीच लग्न करून बसतात. प्रेक्षक हसत, पण ते लग्न खरं आहे आणि आता सुटका नाही, हेही प्रत्येकाला माहीत असे.

या व्यवहाराला सगळ्यांत स्पष्ट शब्दांत नाव दिलं ते एका बाईने. अ‍ॅफ्रा बेन लेखणीवर पोट भरणाऱ्या पहिल्या इंग्रज लेखिकांपैकी एक. त्याआधी १६६६मध्ये तिने राजासाठी अँटवर्पमध्ये हेरगिरीही केली होती. तिचं ‘द रोव्हर’ (१६७७) नेपल्समधल्या कार्निव्हलच्या दिवसांत घडतं. फ्लोरिंडाचं लग्न घरचे पैसा आणि प्रतिष्ठा बघून ठरवतायत, आणि तिच्या धाकट्या बहिणीला, हेलेनाला, मठात धाडायचा बेत आहे. दोघी मुखवटे चढवून रस्त्यावर उतरतात. चांगल्या घरची मुलगी अनोळखी पुरुषाशी बोलू शकत नाही, मुखवटा घातलेली मात्र बोलू शकते. नवरा स्वतः निवडायचा तर त्यांच्याकडे दुसरा मार्गच नसतो.

त्याच नाटकात अँजेलिका बियांका ही गणिका आहे. महिन्याचे हजार क्राउन हा तिचा दर. विलमोर हा रंगेल इंग्रज तरुण तिला पैशासाठी देह विकतेस म्हणून हिणवतो, तेव्हा ती विचारते, की तुम्ही पुरुष तेच करत नाही का? स्थळ आलं की मुलगी देखणी आहे का, शहाणी आहे का, हे तुम्ही कधी विचारत नाही, किती आणणार एवढंच विचारता. विलमोरकडे याला धड उत्तर नाही. पुढे तो मन जिंकतो अँजेलिकाचं आणि लग्न करतो श्रीमंत हेलेनाशी. १६८१मध्ये बेनने या नाटकाचा दुसरा भाग लिहिला. त्याच्या सुरुवातीलाच कळतं की हेलेना लग्नानंतर थोड्याच काळात वारली.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. ‘द रोव्हर’मध्ये दारूच्या नशेत विलमोर बागेत फ्लोरिंडावर झडप घालतो, आणि पुढे त्याचे दोन सोबती तिच्यावर बलात्कार करायला निघतात. ती थोडक्यात वाचते. ही मोठ्या घरची मुलगी असावी अशी शंका आल्यावर त्यांचा हात थांबतो, म्हणजे तिच्या नकाराला काही किंमतच नाही. नाटक हे सगळं विनोदाच्या ओघात रेटून नेतं आणि शेवटी त्या पुरुषांना माफही करतं. मला तो भाग वाचताना आजही संताप येतो. मुखवट्याने मिळालेलं स्वातंत्र्य किती तकलादू होतं हे बेनला माहीत होतं, असं मला वाटतं. पण म्हणून ते प्रसंग हसण्यावारी नेता येत नाहीत.

आता पुन्हा हॉर्नरच्या नाटकाकडे. ‘कंट्री वाइफ’ म्हणजे खेड्यातली बायको, ती मार्जरी. तिचा नवरा पिंचवाइफ तरुणपणी स्वतः बाहेरख्याली होता. शहरातल्या बायकांवर त्याचा विश्वास नाही, म्हणून त्याने मुद्दाम भोळी, खेडवळ मुलगी निवडली आणि आता तो तिला कोंडून ठेवतो. मार्जरीला सुरुवातीला खोटं बोलता येत नाही. ते तिला शिकवतो तो नवराच. लंडनमध्ये बायका काय काय चैन करतात ते तिला माहीत होऊ नये म्हणून तो ती यादी तिच्यापुढे रागारागाने वाचतो, आणि तिला ते सगळं तेव्हाच कळतं. कुणी ओळखू नये म्हणून तो तिला मुलाचे कपडे घालून बाहेर नेतो. हॉर्नर तिला लगेच ओळखतो आणि ‘तुझ्या बहिणीला पोचव’ म्हणून त्या मुलाचे मुके घेतो. नवरा समोर उभा आहे आणि काही बोलू शकत नाही, कारण बोलला तर स्वतःचंच सोंग उघडं पडेल.

मग पत्राचा प्रसंग. पिंचवाइफ तिच्याकडून हॉर्नरला तिरस्काराचं पत्र लिहवून घेतो. ती कचरते, तेव्हा चाकू दाखवून तो म्हणतो, की सांगतो तसं लिही, नाहीतर या चाकूने तुझ्या चेहऱ्यावर ‘रांड’ असं लिहीन. विनोदी नाटकाच्या मधोमध हे वाक्य येतं. मार्जरी लिहिते, पण पाकिटात घालताना पत्र बदलते आणि त्या जागी प्रेमपत्र ठेवते. ते हॉर्नरला नेऊन देतो नवराच. शेवटी तर नणंदेचे कपडे घालून, चेहरा झाकून ती उभी राहते आणि पिंचवाइफ तिला आपली बहीण समजून स्वतःच्या हाताने हॉर्नरच्या घरी पोचवतो.

या नाटकातला चिनी मातीच्या भांड्यांचा प्रसंग गाजलेला आहे. लेडी फिजेट आणि हॉर्नर आतल्या खोलीत, नवरा सर जॅस्पर बाहेर, आणि थोड्या वेळाने ती हातात एक भांडं घेऊन बाहेर येते. पुढचा सगळा संवाद भांड्यांबद्दल आहे आणि भांड्यांबद्दल नाही. पण मला नाटकाचा शेवट जास्त मोलाचा वाटतो. भांडाफोड व्हायची वेळ येते, तेव्हा मार्जरी सगळ्यांदेखत सांगू पाहते की हॉर्नर नपुंसक नाही, मला माहीत आहे. तिला वाटतं, नवरा आवडत नसेल तर बदलता येतो, लंडनमध्ये बायका दुसऱ्याकडे राहायला जातातच की. मग सगळे मिळून तिला गप्प करतात, कारण ते सत्य बाहेर आलं तर प्रत्येक घराची अब्रू जाईल. नवऱ्यांनाही थापेवर विश्वास ठेवणंच सोयीचं असतं. मार्जरी खोटं बोलते आणि पिंचवाइफकडे परत जाते. तिच्या सुटकेचा एकही मार्ग कायद्याने ठेवलेला नाही, त्यामुळे विचर्लीने तिला सोडवलं असतं तरच ते खोटं ठरलं असतं. हे नाटक मूळ रूपात १७५३नंतर थेट १९२४पर्यंत रंगभूमीवर आलं नाही.

काँग्रीव्हचं ‘द वे ऑफ द वर्ल्ड’ १७००मध्ये आलं. कथानक इतकं गुंतागुंतीचं की पात्रांचा नातेवृक्ष कागदावर काढून घ्यावा लागतो. इथे मी गाभा तेवढा सांगते. मिराबेलला मिलामंटशी लग्न करायचंय. तिच्या बारा हजार पौंडांपैकी निम्मे मावशी लेडी विशफोर्ट हिच्या संमतीवर अडकलेले आहेत, आणि मावशीचा मिराबेलवर राग आहे. म्हणून तो एक डाव टाकतो. आपल्या नोकराला बडा सरदार बनवून मावशीच्या मागे लावायचं, तिची फजिती झाली की सोडवायचं आणि बदल्यात संमती घ्यायची. डाव फुकट जातो. कुणीतरी चोरून ऐकतं आणि सगळं फुटतं.

उलट बाजूने फेनॉल उभा राहतो. हा लेडी विशफोर्टचा जावई. बायकोचं लग्नाआधी मिराबेलशी प्रकरण होतं हे त्याला कळलंय. ते चव्हाट्यावर आणीन अशी धमकी देऊन तो सासूच्या मालमत्तेचा ताबा, बायकोची मालमत्ता आणि मिलामंटचे अडकलेले सहा हजार पौंड मागतो. तेव्हा मिराबेल एक काळी पेटी मागवतो. तिच्यात एक दस्तऐवज आहे. फेनॉलशी लग्न करण्याआधी, विधवा असताना, त्याच्या बायकोने आपली सगळी मालमत्ता मिराबेलच्या नावे विश्वस्त म्हणून करून ठेवली होती. ती त्या वेळी विधवा होती, म्हणून तिला तो अधिकार होता. लग्नानंतर केला असता तर त्या कागदाला किंमत उरली नसती. तारीख आधीची, त्यामुळे फेनॉलच्या हाती काही लागत नाही. तो तलवार उपसून बायकोवर धावतो आणि त्याला अडवावं लागतं.

पण त्याच नाटकाच्या चौथ्या अंकात आणखी एक करार होतो, तोंडी. मिलामंट लग्नाला तयार होण्याआधी अटी घालते. सकाळी हवं तेवढं झोपेन. लाडाची नावं चारचौघांत नकोत. कुणाला पत्र लिहिलं, कुणाचं आलं, विचारायचं नाही. वाटेल त्याला भेटेन. माझ्या खोलीत दार वाजवल्याशिवाय यायचं नाही. हे सगळं मान्य झालं, तर मी हळूहळू आक्रसत जाऊन बायको होईन म्हणते. मिराबेलही अटी घालतो. गरोदरपणी कंबर आवळायची नाही, चहाच्या बैठकीत मद्य नको. हा प्रसंग इंग्रजी सुखात्मिकेतल्या सर्वांत सुंदर प्रसंगांपैकी एक आहे, आणि मला तो दर वेळी थोडा हुरहूर लावतो. कारण मिलामंटची एकही अट न्यायालयात टिकणारी नाही. पैसा कागदाने वाचवता येत होता. झोप, पत्रं, बंद दार यांच्यासाठी नवऱ्याच्या शब्दावरच भिस्त ठेवावी लागत होती.

आणि मिसेस फेनॉल? मालमत्ता वाचते, नवरा तोच राहतो. मिराबेल तिला तो कागद परत देतो, त्याच्या जोरावर नवऱ्याला वठणीवर ठेव म्हणून. मिराबेलसारख्या पुरुषाने आधी तिला वापरलं आणि गरोदरपणाच्या भीतीने दुसऱ्याच्या गळ्यात बांधलं, हे नाटक विसरत नाही. वाचकानेही विसरू नये.

दरम्यान राजकारण बदललं होतं. १६८८मध्ये दुसऱ्या जेम्सला गादी सोडावी लागली आणि संसदेने जाहीर केलं की राजाने प्रजेशी असलेला मूळ करार मोडला. जॉन व्हॅन्ब्रूच्या ‘द प्रोव्होक्ड वाइफ’मध्ये (१६९७) दारुड्या नवऱ्याला कंटाळलेली लेडी ब्रूट हाच मुद्दा घरात आणते. राजा आणि प्रजा यांच्यात हा न्याय लागू होतो, तर नवरा-बायकोत का नको? पुढच्याच वर्षी जेरेमी कॉलिअर या धर्मगुरूने या नाटकांच्या अश्लीलतेवर आणि धर्मनिंदेवर जाडजूड हल्ला चढवला. त्याने खूप खळबळ उडाली, पण लेडी ब्रूटच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. तोच प्रश्न मेरी अ‍ॅस्टेल या विचारवंत बाईने विवाहावरच्या आपल्या पुस्तकाच्या १७०६च्या आवृत्तीत निबंधाच्या भाषेत विचारला, की सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र असतील तर सगळ्या स्त्रिया जन्मतः गुलाम कशा?

जॉर्ज फार्करने १७०७मध्ये ‘द बोज स्ट्रॅटेजम’ लिहिलं आणि त्याच वर्षी तो वारला. त्यात मिसेस सलन आणि तिचा दारुडा नवरा शेवटी परस्परसंमतीने वेगळे होतात. नवरा तिचे दहा हजार पौंड परत द्यायला तयार नसतो, पण घरात शिरलेल्या दरोडेखोरांनी पळवलेली त्याची गहाणखतं आणि जमिनीचे कागद आता दुसऱ्याच्या हातात आहेत, म्हणून त्याला ऐकावं लागतं. पुन्हा कागदच. असा घटस्फोट त्या काळच्या इंग्लंडमध्ये कुठल्याही न्यायालयाने दिला नसता. फार्करने तो रंगमंचावर देऊन टाकला. प्रत्यक्षात घटस्फोटाचं न्यायालय १८५७मध्ये आलं, तिथेही बायकोला नवऱ्याचा व्यभिचार सिद्ध करून पुरत नसे, क्रूरता किंवा असंच आणखी काही दाखवावं लागे, आणि ही अट १९२३पर्यंत टिकली.

या परंपरेची एक शाखा आपल्यापर्यंतही पोचली. संशयी नवऱ्याची इंग्रजी सुखात्मिका मोलिअर या फ्रेंच नाटककाराकडून भरपूर उसनं घेत आली, विचर्लीनेही घेतलं. मोलिअरवरूनच आर्थर मर्फीने १७६१मध्ये ‘ऑल इन द राँग’ लिहिलं, आणि त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ झालं. फाल्गुनरावाचा संशय पिंचवाइफच्या संशयाचा दूरचा नातलग आहे, मात्र त्याच्या हातात चाकू नाही.

वाचायला सुरुवात करायची असेल, तर ‘द कंट्री वाइफ’ आधी घ्या. ‘द वे ऑफ द वर्ल्ड’चा पहिला अंक नवख्याला दमवतो, तेव्हा आधी चौथ्या अंकातला अटींचा प्रसंग वाचा आणि मग मागे या. आणि शक्य असेल तर मिलामंटच्या अटी कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. त्या अ‍ॅन ब्रेसगर्डल या नटीच्या तोंडी यायच्या म्हणून लिहिल्या गेल्या होत्या.